लाइफ सायकल नक्की कोणाची, हे आधी विचार

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. बाणेरला एका कंपनीत असोसिएट प्रोजेक्ट मॅनेजरचा इंटरव्ह्यू होता, तुला विचारलं की प्रोजेक्ट लाइफ सायकल आणि प्रॉडक्ट लाइफ सायकल यात फरक काय, तू इनिशिएटिंग, प्लॅनिंग, एक्झिक्युटिंग, मॉनिटरिंग-कंट्रोलिंग, क्लोजिंग असं पाठ असलेलं धडाधड सांगून टाकलंस, त्यावर समोरच्या मॅडमनी विचारलं "या फेज आहेत का?", तू हो म्हणालास, मग त्या म्हणाल्या "तुमच्याकडे तर अजाइल आहे ना, मग तुमच्यात क्लोजिंग कधी होतं?" आणि तिथे तू अडकलास. (अजाइल म्हणजे काम छोट्या छोट्या फेऱ्यांत, मध्ये मध्ये बदल करत पुढे नेण्याची पद्धत, त्यावर पुढे येतेच.) शेवटी लिहिलंयस, "ताई, मला तर हे सगळं एकच वाटायचं, नक्की चुकलं कुठे?"

चुकलं ते एका शब्दापाशी. मी भोसरीतल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत ट्रेनी म्हणून लागले त्याला आता सव्वीस वर्षं होतील, त्यातली निम्मी हार्डवेअरमध्ये गेली, निम्मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, आणि हा गोंधळ मी दोन्हीकडे अगदी सारखाच बघितलाय, फ्रेशरपासून व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत. लाइफ सायकल हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना लावतो. प्रॉडक्टचं आयुष्य, प्रोजेक्टचं आयुष्य, आणि प्रोजेक्टच्या आत काम पुढे सरकवायची पद्धत. त्यामुळे कोणी लाइफ सायकल म्हणालं की आधी विचारायचं, कोणाची? जन्माला काय येतंय आणि संपतंय काय? हे एकदा नीट विचारलं की निम्मा गुंता तिथेच सुटतो.

आमची कोथरूडची सोसायटी घे. ऐंशीच्या दशकातली बिल्डिंग. प्लॅन मंजूर झाला, पाया खणला, स्लॅब पडले, भोगवटापत्र आलं, चाव्या वाटल्या, बिल्डरचा प्रोजेक्ट संपला. बिल्डिंगचं आयुष्य मात्र त्याच दिवशी सुरू झालं. पुढच्या चाळीस वर्षांत टेरेसचं वॉटरप्रूफिंग झालं, लिफ्ट बसली, सोलर आलं, ड्रेनेजची लाइन बदलली, आणि दर वेळी तेच, तीन कोटेशनं, जनरल बॉडीत भांडणं, कॉन्ट्रॅक्टर, शेवटचं बिल, फाइल बंद. म्हणजे एकाच बिल्डिंगच्या आयुष्यात निदान सात-आठ प्रोजेक्ट जन्मले आणि संपले. आता रिडेव्हलपमेंट चालू आहे, म्हणजे जुन्या प्रॉडक्टचा शेवट आणि नव्याची सुरुवात एकाच प्रोजेक्टमध्ये. आणि बघ, कायद्यालाही हा फरक कळतो. २०१६ च्या रेरा कायद्यात पझेशन दिल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरमध्ये दोष निघाला तर प्रमोटरने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. बिल्डरच्या ऑफिसात तो प्रोजेक्ट केव्हाच क्लोज झालेला असेल, पण बिल्डिंग उभी आहे, त्यात माणसं राहतायत, म्हणून जबाबदारी पुढे चालते.

तर प्रोजेक्ट हा ठरावीक मुदतीचा, एक काही ठरलेलं देऊन संपणारा. संपणं हे त्याचं यश आहे. प्रॉडक्ट जितकं जास्त जगेल तितकं चांगलं. दोघांची इच्छाच उलटी आहे, म्हणून दोघांना एका चार्टवर एकाच रेषेत बसवायला गेलं की गडबड होते.

प्रॉडक्टची रेषा कशी दिसते ते मार्केटिंगवाले चार टप्प्यांत सांगतात, बाजारात येणं, वाढणं, स्थिरावणं, उतरणं. थिओडोर लेव्हिट यांनी १९६५ मध्ये यावर जो लेख लिहिला त्यानंतर हे सगळ्यांच्या तोंडी बसलं. पुण्यात याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली, २००१ मध्ये व्ही-टू आली, पुढे टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. वीस वर्षांचं आयुष्य. त्यात पहिली गाडी बनवणं हा एक प्रोजेक्ट, व्ही-टू हा दुसरा, दर वेळी एमिशनचे नियम बदलले की आणखी एक. चेतकचं तर अजून मजेशीर. १९७२ ची स्कूटर, घराघरात होती, २००० नंतरच्या दशकात बंद झाली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तेच नाव इलेक्ट्रिक स्कूटरवर परत आलं. आता मला सांग, हे एकच प्रॉडक्ट की दोन? माझ्या मते ब्रँड एक, प्रॉडक्ट दोन, कारण इंजिन, पार्ट्स, व्हेंडर, सर्व्हिसचं ट्रेनिंग, सगळं नव्याने उभं करावं लागलं. तुला कोणी असा प्रश्न विचारला तर उत्तरापेक्षा तू आयुष्य कशाचं मोजतोयस हे सांगणं जास्त महत्त्वाचं.

आता तुझ्या त्या पाच शब्दांकडे येऊ, कारण खरी विकेट तिथे पडली. ते पीएमआय, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेच्या पीएमबॉक गाइड या पुस्तकातले पाच प्रोसेस ग्रुप आहेत. प्रोसेस ग्रुप म्हणजे फेज नव्हे, आणि हे त्या पुस्तकातच स्पष्ट लिहिलेलं आहे पण क्लासवाले जो तक्ता पाठ करून घेतात त्यात डावीकडून उजवीकडे बाण असतात म्हणून पोरांना वाटतं की एक संपलं की दुसरं. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत पाच ग्रुप आणि ४९ प्रोसेस असा तो मोठा तक्ता होता, २०२१ च्या सातव्या आवृत्तीत गाडी १२ तत्त्वांवर आली, पण लोकांच्या डोक्यात अजून तो तक्ताच बसलाय.

फेज म्हणजे काय ते ऑटो इलेक्ट्रॉनिक्सवरून सांगते. चाकणच्या गाडीच्या कंपनीला तू एखादा कंट्रोलर देणार असशील तर ए-सॅम्पल, बी-सॅम्पल, सी-सॅम्पल असं जातं. ए-सॅम्पल म्हणजे काम होतंय एवढं दाखवायचं, बॉक्स हाताने जोडलेला असला तरी चालतो. बी-सॅम्पल गाडीत बसवून चालवता आलं पाहिजे. सी-सॅम्पल खऱ्या टूलिंगवरून, म्हणजे प्रॉडक्शनच्या साच्यांवरून आलेलं असलं पाहिजे. या झाल्या फेज, कारण प्रत्येकीच्या शेवटी हातात एक वेगळी वस्तू आहे आणि ती बघून कोणीतरी पुढे जायचं की नाही ते ठरवतंय. आणि यातल्या प्रत्येक फेजच्या आत तुझे ते पाचही ग्रुप येतात. बी-सॅम्पल सुरू करायला परवानगी आणि पैसे लागतात, त्याचा प्लॅन लागतो, काम होतं, त्यावर नजर ठेवावी लागते, शेवटी रिपोर्ट लिहून, उरलेले पार्ट स्टोअरला जमा करून ती फेज बंद करावी लागते. सी-सॅम्पलला परत पहिल्यापासून. म्हणजे तीन फेज असतील तर पाच ग्रुप तीनदा फिरले. मॉनिटरिंग तर कधीच एकटं येत नाही, ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत चालूच असतं. म्हणून मॅडमनी विचारलं "या फेज आहेत का?" तेव्हा उत्तर होतं, नाही, ही प्रत्येक फेजच्या आत चालणारी कामं आहेत, आमच्या फेज अमुक अमुक आहेत.

फेजच्या शेवटी जो निर्णय होतो त्याला गेट म्हणतात, रॉबर्ट कूपर यांनी ऐंशीच्या दशकात स्टेज-गेट या नावाने ही पद्धत मांडली. याबद्दल माझं मत जरा कडक आहे. ज्या गेटवर आजपर्यंत एकदाही "थांबा" असं कोणी म्हटलेलं नाही ते गेट नाही, ती चहा-बिस्किटांची मीटिंग आहे. गेटवर तीन उत्तरं खरोखर शक्य असली पाहिजेत, पुढे जा, थोडं थांबून हे हे दुरुस्त करून या, किंवा बंद करा. मी ज्या कंपनीत सगळ्यात जास्त शिकले तिथे एका वर्षात सातपैकी दोन प्रोजेक्ट ए-सॅम्पलच्या गेटवरच बंद केले होते, आणि त्या टीमना पेढे दिले होते, कारण टूलिंगचे पैसे जायच्या आधी कळलं. ए-सॅम्पलला चूक कळली तर एक बोर्ड वाया जातो, सी-सॅम्पलला कळली तर डाय, म्हणजे पार्टचा साचा, वाया जाते, आणि लाइन सुरू झाल्यावर कळली तर गाड्या परत बोलवाव्या लागतात. चूक तीच, पण तिची किंमत फेजगणिक वाढत जाते, म्हणून तर फेज पाडायच्या.

पण फेज एकापाठोपाठ एकच आल्या पाहिजेत असंही नाही. गाड्यांच्या सप्लायरसाठी एपीक्यूपी म्हणून नव्या पार्टच्या क्वालिटीचं आधीच प्लॅनिंग करायची जी पद्धत आहे, क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९९४ मध्ये आणलेली, तिच्यात पाच फेज आहेत आणि त्या एकमेकींवर चढलेल्या दाखवल्यात. प्रॉडक्टचं डिझाइन चालू असतानाच प्रोसेसचं डिझाइन सुरू होतं. चाकणमध्ये कोणत्याही टूल रूममध्ये जाऊन विचार, डिझाइन फ्रीज, म्हणजे पक्कं, व्हायच्या आधीच डायचं स्टील मागवलेलं असतं कारण एसओपीची, म्हणजे प्रॉडक्शन सुरू व्हायची, तारीख हलत नाही. असं केल्याने वेळ वाचतो आणि त्या बदल्यात जोखीम अंगावर घेतली जाते. हडपसर-मांजरीच्या सीरमने हेच फार मोठ्या पातळीवर केलं, कोव्हिशिल्डला जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळायच्या आधीच डोस बनवून कोल्ड रूममध्ये साठा करून ठेवला होता. परवानगी नसती मिळाली तर तो सगळा साठा टाकून द्यावा लागला असता, मिळाली म्हणून १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं तेव्हा कुप्या तयार होत्या. फेज एकमेकींवर चढवायच्या असतील तर हे आधी कागदावर लिहून वरच्यांची सही घ्यायची, की पुढचं फसलं तर इतके पैसे बुडतील आणि ते आम्हाला मान्य आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी न लिहिता चढवतात आणि फसलं की प्रोजेक्ट मॅनेजरला धरतात.

आता तिसरी गोष्ट, काम करायची पद्धत. वॉटरफॉल (एक टप्पा पूर्ण झाला की मगच पुढचा), अजाइल, व्ही-मॉडेल (डिझाइनच्या प्रत्येक पायरीसमोर तिच्या टेस्टिंगची पायरी) वगैरे जे आहे ते इथे येतं. वॉटरफॉलचं चित्र ज्या लेखामुळे प्रसिद्ध झालं तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा लेख, आणि त्यात वॉटरफॉल हा शब्दच नाही, उलट ते चित्र काढून रॉइस म्हणतात की असं सरळसोट करण्यात धोका आहे, आणि पुढची पानं ते कसं सुधारायचं यावर आहेत, एकदा प्राथमिक स्वरूपात बनवून बघा आणि मग दुसऱ्यांदा नीट बनवा असंही त्यात आहे. लोकांनी पहिलं चित्र उचललं आणि लेख तिथेच सोडला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा लिहिला, तोही जेमतेम पानभराचा, आणि त्यात स्प्रिंट (काही आठवड्यांची कामाची फेरी), स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग), स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचं माप) यातलं काहीही नाही. दोन्हीकडे मूळ मजकूर वाचायला अर्धा तास पुरतो, तेवढा वाचच.

इथे इटरेटिव्ह आणि इन्क्रिमेंटल हे दोन शब्द लोक सरसकट एकाच अर्थाने वापरतात, ते वेगळे कर. इन्क्रिमेंटल म्हणजे तुकड्यातुकड्याने देणं, प्रत्येक तुकडा पूर्ण आणि वापरता येणारा. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज आणि पीसीएमसी ते फुगेवाडी एवढाच तुकडा सुरू झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये रुबी हॉल आणि सिव्हिल कोर्टापर्यंत, मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जमिनीखालून स्वारगेटपर्यंत. २०२२ पासून अडीच वर्षं एकीकडे लोक तिकीट काढून प्रवास करत होते आणि दुसरीकडे बोगद्याचं काम चालू होतं, म्हणजे प्रॉडक्टचं आयुष्य सुरू झालं होतं आणि प्रोजेक्ट अजून संपलेला नव्हता. हे तुझ्या प्रश्नाचं इतकं चांगलं उदाहरण आहे की मी ट्रेनिंगमध्ये कायम हेच काढते. पण मेट्रो इटरेटिव्ह नाही. खांब एकदा उभा करून बघू, नाही आवडला तर पुढच्या महिन्यात बदलू, असं होत नाही.

इटरेटिव्ह म्हणजे तीच गोष्ट परत परत करून सुधारत नेणं. इंजिनचं कॅलिब्रेशन हे त्याचं अस्सल उदाहरण. मॅप, म्हणजे इंजिनला कधी किती इंधन द्यायचं वगैरे आकड्यांचा तक्ता, भरायचा, डायनोवर, म्हणजे इंजिन तपासायच्या यंत्रावर चालवायचं, धुरात काय काय आलं ते मोजायचं, मॅप बदलायचा, परत चालवायचं, असं शेकडो वेळा. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं की गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-फाइव्ह वगळून एकदम बीएस-सिक्स, तारीख १ एप्रिल २०२०, आणि पुण्याच्या सगळ्या गाडीवाल्यांना चार वर्षं झोप नव्हती. मी तेव्हा सप्लायरच्या बाजूला होते. बाहेरची चौकट अगदी वॉटरफॉलसारखी कडक, तारीख ठरलेली, नियम ठरलेले, एआरएआयसारख्या सरकारमान्य टेस्टिंग संस्थेकडून सर्टिफिकेट घेतल्याशिवाय गाडी विकता येणार नाही, आणि आतलं काम मात्र पूर्ण इटरेटिव्ह. त्यातही एक गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही ती सांगते, थंडीतल्या ट्रायल हिवाळ्यातच होतात. डोंगरात जाऊन गाडी रात्रभर उणे तापमानात उभी करून सकाळी स्टार्ट करायची असते, तो सीझन चुकला तर पुढचा हिवाळा. चार वर्षांत हिवाळे चारच. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये महिन्यांपेक्षा हिवाळे मोजलेले होते, आणि प्रत्येक हिवाळ्याच्या आधी कोणतं सॉफ्टवेअर तयार पाहिजे तिथून उलटं मोजून स्प्रिंट पाडले होते. यावरून कळेल की अमुक कंपनी अजाइल आणि तमुक वॉटरफॉल असं म्हणणंच चुकीचं आहे, एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही गुण्यागोविंदाने राहू शकतात. जे बदलणं स्वस्त आहे ते फिरवून फिरवून करा, जे बदलणं महाग आहे ते आधी ठरवा. हिंजवडीतल्या ऑटो सॉफ्टवेअर टीम असंच करतात, बाहेर व्ही-मॉडेल आणि आत स्प्रिंट.

म्हणजे तुमच्यात क्लोजिंग कधी होतं याचं उत्तर काय? अजाइल ही पद्धत आहे, तिला स्वतःचं आयुष्य नाही, त्यामुळे ती बंद होण्याचा प्रश्नच येत नाही. बंद होतो तो प्रोजेक्ट. तुमच्या कंपनीत क्लायंटने ठरावीक पैसे आणि ठरावीक मुदत दिली असेल तर तुमचा प्रोजेक्ट आहे, स्प्रिंट कितीही फिरवा, शेवटी युएटीची, म्हणजे क्लायंटने स्वतः तपासून घेतल्याची, सही, कोडचा ताबा, बिल, लोकांना दुसऱ्या कामावर पाठवणं हे करावंच लागतं, ते क्लोजिंग. दर रिलीजला छोटं क्लोजिंग होतं ते वेगळंच. आणि टीमला दर वर्षी पगार मिळतोय, बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, कधी संपतच नाही, तर तुमचा प्रोजेक्ट नाहीच, तुम्ही प्रॉडक्ट टीम आहात आणि तुमचं क्लोजिंग प्रॉडक्ट बंद होईल त्या दिवशी. पैसे कसे येतात ते बघ, लगेच कळतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती. प्रोजेक्ट संपतो आणि प्रॉडक्ट पुढे जगतं, त्या सांध्यावर कोण उभं आहे?

२००६ ते २००८ मी एका कंपनीत दूध थंड करायच्या टाकीचा कंट्रोलर बनवायच्या प्रोजेक्टची लीड होते. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, ते टाकीत ४ अंशांपर्यंत उतरवायचं, कॉम्प्रेसर कधी चालू कधी बंद, लाइट गेली तर काय, हे सगळं एका डब्यात. चौदा महिन्यांचा प्रोजेक्ट सतरा महिन्यांत संपला, फील्ड ट्रायल उत्तम, सगळ्या फाइलींवर सह्या, क्लोजर रिपोर्ट मी स्वतः लिहिला, त्यात शिकलेले धडे वगैरे दोन पानं. टीम पांगली. मी दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले. कंट्रोलर छान विकला जात होता, प्रॉडक्टची रेषा वर चढत होती.

२०१३ च्या जुलैमध्ये पर्चेसमधले काका माझ्या टेबलापाशी आले, हातात एक छोटी पिशवी. म्हणाले, मॅडम, तुमच्या कंट्रोलरचा मायक्रोकंट्रोलर मिळत नाहीये, डिस्ट्रिब्युटर म्हणतो बंद झाला, मी ब्रोकरकडून आणलेत, चौपट भावाने, जरा बघता का. मी एक चिप घेतली, कापसाला अॅसिटोन लावून वरून पुसली. कापूस काळा झाला, छापलेला नंबर निघून गेला, आणि त्याखाली दुसराच नंबर दिसायला लागला. जुन्या काढलेल्या चिपा घासून, रंगवून, नवा नंबर टाकून विकलेल्या. शंभराची पिशवी होती, त्यातल्या चाळीस अशा निघाल्या. आणि तोपर्यंत आधीच्या पिशवीतल्या चिपा लावलेले बोर्ड डिस्पॅच होऊन गेलेले होते. त्या आठवड्यात बारामतीकडच्या एका केंद्रावरून फोन आला की टाकी रात्री आपोआप बंद झाली आणि सकाळचं सगळं दूध ओतून द्यावं लागलं. त्या माणसाचा आवाज मला अजून आठवतो, तो ओरडत नव्हता, फक्त विचारत होता की आता शेतकऱ्यांना काय सांगू.

मग शोधाशोध केली. चिप बनवणाऱ्या कंपनीने ती बंद करतोय अशी नोटीस रीतसर पाठवलेली होती. अशी नोटीस आली की सहसा सहा महिने ते वर्षभर मुदत असते, त्यात शेवटची ऑर्डर टाकता येते, लास्ट टाइम बाय म्हणतात त्याला. ती नोटीस आमच्याकडे आली होती, पण आली कोणाच्या मेलवर, तर ज्या डिझाइन इंजिनिअरने २००६ मध्ये सॅम्पल मागवताना स्वतःचा आयडी दिला होता त्याच्या, आणि तो २०१० मध्येच कंपनी सोडून गेला होता. मेलबॉक्स बंद. शेवटच्या ऑर्डरची तारीख उलटून चार महिने झाले होते. नवीन चिप घेऊन बोर्ड परत डिझाइन करणं, फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं सॉफ्टवेअर, तिच्यावर उतरवणं, परत टेस्टिंग, यात नऊ महिने गेले, आणि ते नऊ महिने आम्ही प्रत्येक चिप पुसून बघून लावत होतो.

प्रोजेक्टच्या दृष्टीने बघितलं तर माझ्याकडून काहीच राहिलं नव्हतं. क्लोजरची चेकलिस्ट पूर्ण होती. चूक ही की ती चेकलिस्ट फक्त मागे बघणारी होती, काय दिलं, किती खर्च झाला, काय शिकलो. पुढच्या दहा वर्षांत या वस्तूची काळजी कोण घेणार हा रकानाच त्यात नव्हता, आणि मी लीड असून तो मागितला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी जिथे जिथे काम केलं तिथे क्लोजरच्या आधी एक बैठक लावते आणि त्यात प्रोजेक्ट टीमपेक्षा पर्चेस, सर्व्हिस आणि स्टोअरची माणसं जास्त असतात. बीओएममधल्या, म्हणजे पार्टच्या यादीतल्या, प्रत्येक पार्टपुढे तो अजून किती वर्षं मिळणार ते लिहायचं, एकाच कंपनीकडून मिळणारे पार्ट वेगळे काढायचे. सप्लायरच्या नोटिसा एका माणसाच्या आयडीवर न घेता कॉमन आयडीवर घ्यायच्या आणि तो आयडी महिन्यातून एकदा कोण उघडणार त्याचं नाव लिहायचं. विकलेल्या वस्तूला किती वर्षं सर्व्हिस द्यायची कबूल केलंय आणि त्यासाठी किती स्पेअर लागतील हा हिशेब. आणि सगळ्यात वर, प्रॉडक्टचा मालक म्हणून एकाच माणसाचं नाव, डिपार्टमेंटचं नाही. तो सोडून गेला तर एचआरच्या फॉर्ममध्ये ही जबाबदारी कोणाला दिली ते भरल्याशिवाय त्याचं रिलीव्हिंग लेटर निघत नाही, एवढं आम्ही एका ठिकाणी करून घेतलं होतं आणि ते फार उपयोगी पडलं.

तू म्हणशील आमचं तर सॉफ्टवेअर आहे, आमच्यात कुठे चिपा. अरे, तुमच्यात तर जास्त. तुम्ही वापरता ती लायब्ररी, डेटाबेसचं व्हर्जन, अँड्रॉइडचं व्हर्जन, पेमेंटवाल्यांचा एपीआय, सर्टिफिकेटची मुदत, प्रत्येकाला स्वतःचं आयुष्य आहे आणि ते तुमच्या प्रॉडक्टच्या आधी संपू शकतं. प्रॉडक्टच्या एका रेषेखाली अशा पंचवीस रेषा चालू असतात, आणि त्यातली एखादी तुटली की नवा प्रोजेक्ट जन्मतो. मेंटेनन्सचं बजेट हवं ते यासाठी, आणि क्लायंटला हे पहिल्याच मीटिंगला सांगायचं असतं, तिसऱ्या वर्षी सांगितलं तर तो म्हणतो तुम्ही आधी लपवलंत.

प्रॉडक्ट बंद करणं हेही एक काम आहे, त्यावर थोडंच लिहिते. बंद करायचा प्रोजेक्ट कोणालाच नको असतो, त्यात प्रमोशन मिळत नाही. पण जुन्या गिऱ्हाइकांचा डेटा कुठे न्यायचा, स्पेअर किती काळ द्यायचे, कोणाला किती आधी कळवायचं, हे नीट केलं तर तेच गिऱ्हाईक नवं प्रॉडक्ट घेतं. तुला कधी असं काम मिळालं तर नाही म्हणू नकोस, एका प्रॉडक्टचं अख्खं आयुष्य उलटं बघायला मिळतं त्यात.

पुढच्या इंटरव्ह्यूची तयारी म्हणून पाठांतर करू नकोस, एक कागद आडवा घे. वर एक लांब रेषा, तुमचं प्रॉडक्ट पहिल्यांदा सुचलं तिथपासून ते बंद होईल तिथपर्यंत, बंद व्हायची तारीख माहीत नसेल तर टिंब टिंब. त्या रेषेवर आजवर झालेल्या प्रोजेक्टच्या चौकटी काढ, पहिला रिलीज, ते मोठं मायग्रेशन, आता चालू आहे ते. एका चौकटीच्या आत फेज पाड, आणि प्रत्येक फेजच्या शेवटी तिथे खरंच कोणी थांबवू शकलं असतं का ते लिही. त्या फेजमध्ये काम फिरवून फिरवून झालं की एका दमात, तेही लिही. रेषेखाली ज्यांच्यावर तुमचं अवलंबून आहे त्या गोष्टींच्या बारक्या रेषा. इंटरव्ह्यूत विचारलं की हाच कागद तोंडी सांगायचा, तुझ्याच कामाचा असल्यामुळे कुठूनही प्रश्न आला तरी अडकणार नाहीस. आणि दोन चौकटींच्या मध्ये जी मोकळी जागा राहील, जिथे कोणताच प्रोजेक्ट चालू नव्हता पण प्रॉडक्ट लोक वापरत होते, तिथे त्या काळात जबाबदार असलेल्या माणसाचं नाव लिहायचा प्रयत्न कर. नाव सापडलं नाही तर सोमवारी ऑफिसला गेल्यावर मॅनेजरला विचार.